सही करून चहाला गेलेले डॉक्टर

मित्रांनो, मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. माझ्या डोक्यावर एक गोल चकती बसते. तिच्या खाचांमध्ये पुठ्ठ्याच्या चौकटीतली ऐंशी चित्रं उभी राहतात. बटण दाबलं की त्यातलं एक खटकन माझ्या पोटात उतरतं, मागचा दिवा त्यातून उजेड फेकतो आणि काडेपेटीएवढं ते चित्र समोरच्या पडद्यावर माणसाहून मोठं होतं. यात माझं कौतुक फक्त एवढंच की मी गरम होतो, पण कुरकुर करत नाही.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी एकाच फुलाचं चित्र माझ्यातून शंभरदा सरकवून पाहिलं होतं. मला वाटलं, आता जन्मभर फुलंच दाखवायची. नशिबी आली माणसाची आतडी! मला डॉक्टरांच्या संघटनेनं विकत घेतलं आणि पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात, एकशेवीस खुर्च्यांच्या मागे, एका उंच तिवईवर नेऊन बसवलं.

डॉक्टर पास झाले की त्यांचा अभ्यास संपला, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण आजारांवरचं ज्ञान काही थांबत नाही. काल बरोबर असलेलं औषध आज मागे पडतं, नव्या तपासण्या येतात. म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी गावोगावचे डॉक्टर या सभागृहात विद्यार्थी होऊन बसत. कुणीतरी जाणकार येऊन नवं काय ते सांगे आणि मी चित्रं दाखवी. मला चालवणारे होते शिपाईमामा. एखादी स्लाइड त्यांच्या हातून उलटी बसली की पडद्यावरचा रोगी पाय वर करून लटके आणि सगळं सभागृह खो खो हसे. मामा शांतपणे म्हणत, "झोपले होते ते, आता उठवतो."

या सभेची एक रीत मात्र मला खटकायची. सहीची वही दारातच ठेवलेली असे. आत शिरताना सही केली की हजेरी लागली, आणि त्या भाषणाचं प्रमाणपत्र पक्कं. मग मधल्या सुट्टीत चहाला गेलेले निम्मे डॉक्टर परत येतच नसत. मी तळमळीनं नवी चित्रं दाखवत असे आणि समोर रिकाम्या खुर्च्या! पण प्रोजेक्टरला कोण विचारतो?

सही करून पळण्यात सगळ्यांत पटाईत होते दुधाचे डॉक्टर. हे त्यांचं टोपणनाव. पोटात अल्सर म्हणजे जखम झालेला रोगी आला की ते पांढरं पातळ औषध देत आणि वर बजावत, "दर दोन तासांनी कपभर दूध घ्या, तिखट सोडा आणि चिडायचं नाही." माणूस प्रेमळ, हाताला गुण आहे असं लोक म्हणत. दवाखान्यात सगळ्या भिंती आमच्याच संघटनेच्या प्रमाणपत्रांनी भरल्यात, असं मामा सांगत.

एका रविवारी पोटाच्या तज्ज्ञ बाई भाषणाला आल्या. चष्मा नाकावर, बोलणं सरळसोट. चहाआधी त्यांनी जुन्या समजुती सांगितल्या. मग म्हणाल्या, "चहानंतर सांगते की बहुतेक अल्सर काळजीनं होत नाहीत. पोटात एक जंतू राहतो, त्यानं होतात. त्या जंतूला मारणारी औषधं दोन आठवडे दिली की जखम भरते आणि सहसा परत येत नाही."

दुधाचे डॉक्टर शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "पोटातल्या त्या आम्लात लोखंड गंजेल, तिथे जंतू कुठला जगतोय? चला, चहा गार होतो."

ते गेले ते गेलेच. चहानंतर मी शेहेचाळीस चित्रं दाखवली. वाकडातिकडा, शेपट्या असलेला तो जंतू स्वतः पडद्यावर हजर झाला. पाहायला समोर एकतीस माणसं होती. बाईंनी जाताना स्लाइडचा एक संच कपाटात ठेवायला दिला. दुधाच्या डॉक्टरांना त्या भाषणाचंही प्रमाणपत्र मिळालं.

चौदा महिने गेले. एका मंगळवारी भर दुपारी सभागृहाचं दार उघडलं आणि दुधाचे डॉक्टर एकटेच आत आले. चेहरा पार उतरलेला होता.

"मामा, त्या बाईंच्या पोटाच्या स्लाइड आहेत का हो?"

"आहेत की. पण तुम्ही तर होतात त्या दिवशी. वहीत सही आहे तुमची."

"सही आहे," डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीत बसले. "मी नव्हतो."

मग त्यांनी मामांना सगळं सांगितलं. त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान शिंपी होते. अकरा वर्षं त्यांना अल्सर होता आणि अकरा वर्षं त्यांच्यावर औषध चालू होतं ते मेहुण्याचंच. दूध पिऊन पिऊन त्यांना दुधाचा वीट आला होता, पण घरचा डॉक्टर, बोलणार कसं? आता दुखणं इतकं वाढलं होतं की गुरुवारी ऑपरेशन करून जठराचा मोठा भाग काढायचा ठरलं होतं. कागदपत्रं बघताना त्याच तज्ज्ञ बाईंनी विचारलं, "जंतूची तपासणी केली ना? तुम्ही माझ्या भाषणाला होतात." डॉक्टर तिथून उठून थेट इकडे आले होते.

मामांनी पडदा सोडला, दिवा लावला. मित्रांनो, आयुष्यात मी हजारो माणसांना चित्रं दाखवली, पण त्या दुपारी एकाच माणसाला दाखवताना मला वाटलं, दिवा आत्ता उडू नये, एवढंच होऊ दे. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस चित्रं त्यांनी पाहिली. काही दोनदा मागे घ्यायला लावली. वहीत लिहून घेतलं.

मग ते कोपऱ्यातल्या फोनकडे गेले. आधी त्यांनी तज्ज्ञ बाईंना आपलं चुकल्याचं सांगितलं, आणि ऑपरेशन पुढे ढकलून आधी तपासणी करता येईल का, ते विचारलं. बाई हो म्हणाल्या असाव्यात, कारण डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. मग त्यांनी बहिणीचा नंबर फिरवला.

"ताई, मी बोलतोय. गुरुवारचं ऑपरेशन थांबवलंय... नाही, घाबरू नकोस, ऐक आधी. माझं चुकलं गं. यावर दुसरा उपाय आहे आणि तो मला वर्षापूर्वीच कळायला हवा होता. आधीची दहा वर्षं आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, ती माझ्या माथी मारू नकोस. पण हे शेवटचं वर्ष माझंच आहे. भाऊजींनी ते उगाच सोसलं."

 पलीकडून बहीण इतक्या मोठ्यानं बोलली की मला तिवईवर ऐकू आलं. "रडतोस काय असा? हे त्यांना तू स्वतः येऊन सांग. आणि उपाशी येऊ नकोस!"

तपासणीत जंतू सापडला. दोन आठवडे औषधं झाली. तीन महिन्यांनी एका रविवारी सभेच्या आधी एक हसतमुख गृहस्थ डॉक्टरांबरोबर मला बघायला आले. तेच भाऊजी.

"हेच का ते यंत्र?" माझ्यावर हात फिरवत ते म्हणाले. "बरं झालं वेळेवर चाललं. आम्ही आयुष्यभर लोकांचं कापड बेतलं, पण आमचंच जठर कुणी बेतायला घेईल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी माझं माप घेतलं आणि पुढच्या महिन्यात मला जाड निळ्या कापडाचं झाकण शिवून दिलं. प्रोजेक्टरला शिंप्यानं अंगावरचं शिवल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?

भाऊजी मला बघायला आले त्याच रविवारी दुधाच्या डॉक्टरांनी सभेत उभं राहून सगळी हकिकत सांगितली. स्वतःची चूक एकशेवीस डॉक्टरांसमोर सांगायला छाती लागते. शेवटी त्यांनी दारातली सहीची वही उचलली आणि व्यासपीठावर नेऊन ठेवली. सही भाषण संपल्यावर, आणि सहीपुढे एक ओळ: आजपासून मी काय करणं सोडणार. पहिल्या दिवशी एकानं लिहिलं, "चहा." पण हळूहळू लोक खरं लिहू लागले. जुनी औषधं, नको असलेली इंजेक्शनं, रोग्याचं न ऐकता घाईनं चिठ्ठी लिहिणं. मामा ती वही मोठ्यानं वाचत आणि मला फार बरं वाटे.

पुढे संगणकाला जोडायचा नवा प्रोजेक्टर आला. चित्रं झटपट बदलतात, उलटी कधीच होत नाहीत. मी कपाटात गेलो. पहिली काही वर्षं मी रुसलो होतो, खोटं कशाला बोलू? झाकणामुळे धूळ आत आली नाही, पण आठवण काढायलाही कुणी आलं नाही.

परवा माझं कपाट उघडलं. दुधाचे डॉक्टर आता काठी टेकत चालतात, पण रविवार चुकवत नाहीत. बरोबर भाऊजी होते, ऐंशी पार केलेले. त्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की त्या जंतूवरची जुनी औषधं पुष्कळ ठिकाणी पूर्वीसारखी लागू पडत नाहीत, जंतू त्यांना सरावलाय. आता औषधांचा मेळ बदलायला हवा आणि उपचारानंतर जंतू गेला की नाही हे पुन्हा तपासायला हवं.

डॉक्टरांनी माझ्या चकतीतून औषधांची स्लाइड काढली, खिशातून पेन काढलं आणि तिच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "जुने झाले. असे देऊ नये."

"अहो, हे काय?" भाऊजी कळवळून म्हणाले. "याच औषधांनी वाचलो मी!"

"तुम्ही वाचलात, भाऊजी," डॉक्टर म्हणाले. "पण तेच चित्र बघून उद्या कुणी दुसऱ्या भाऊजींना हीच औषधं दिली तर?"

 मग भाऊजींनी स्वतःच ती स्लाइड घेऊन जपून परत खाचेत ठेवली.

मित्रांनो, माझ्या पोटातली सगळ्यांत गुणी स्लाइड त्या दिवशी खोटी ठरली, आणि मला वाईट वाटलं नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी डॉक्टर व्हाल. आमच्यासारख्या जुन्या वस्तू जपा, पुसा, आम्ही काय केलं ते जरूर विचारा. पण आम्ही सांगू ते आज खरं आहे का, हे एकदा तपासून घ्या. आणि भाषण संपेपर्यंत खुर्ची सोडू नका. बाहेर कुणाचे तरी भाऊजी वाट बघत असतात.