मौन धरलेला रेडिओ

"आधी हात धुऊन ये, मग त्याले हात लाव."

हा आवाज वच्छला आत्यांचा. देवघरातली समई असो नाहीतर मी, त्यांचा नियम एकच होता. आता आत्या नाहीत. तरी कोणी माझ्याजवळ आलं की मला आधी तेच वाक्य ऐकू येतं.

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, पांढुर्ण्याच्या पुंडलिकरावांच्या घरचा. हल्ली मी बोलत नाही. ज्या कोनाड्यात मी पूर्वी बसायचो तिथे टीव्ही आला, आणि मी शेजारच्या कपाटावर गेलो. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण इथून बैठक छान दिसते. माझ्या डाव्या बटणावर एक फिकट लाल डाग आहे. तुमच्यापैकी कोणी कधी मला पुसायला घेतलंच तर तेवढा डाग राहू द्या. तो कशाचा, ते सांगतो.

माझी पेटी सागवानाची. पोटात काचेच्या नळ्या आणि पुढे जाळीचं कापड. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी नागपूरच्या दुकानातून गवतात गुंडाळून रेल्वेने इथे आलो. पुंडलिकरावांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. भाव कळावेत म्हणून त्यांनी मला आणलं, पण भावांपेक्षा जास्त मी बातम्या, भजनं आणि हवामान सांगितलं. तेव्हा घरात वीज नव्हती, विटेएवढ्या जड बॅटरीवर माझा प्राण होता. एक तार छपरावर दोन बांबूंमध्ये ताणली होती. दुसरी जमिनीत पुरायची होती, आणि तिला ओल लागते. बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "अंगणात रोज न चुकता पानी पडते अशी जागा कोनती?" पुंडलिकराव हसले आणि त्यांनी तुळशीकडे बोट दाखवलं. आत्यांनी तुळशीला पाणी घालण्याचा नेम कधी मोडला नव्हता. त्यामुळे माझा आवाजही कधी घोगरा झाला नाही.

गल्लीतली मुलं माझ्यापुढे मांडी घालून बसत. बटण फिरवलं की माझ्या नळ्या तापायला जरा वेळ लागे. मुलं कुजबुजत, "थांब, आतले लोक उठून राहिले." एकदा कोणीतरी आतल्या लोकांसाठी पाठीच्या भोकातून शेंगदाणे टाकले. मुंग्या झाल्या, मला उघडावं लागलं, आणि आत कोणीच नाही हे पाहून मुलं फार हिरमुसली.

त्यानंतर त्यांनी दुसरी समजूत करून घेतली, आणि ती पहिलीपेक्षा पक्की निघाली. मी पाऊस येईल म्हणालो की पाऊस येई. मी आठ वाजले म्हणालो की पुंडलिकराव आपलं घड्याळ पुढे करत. मी कापसाचा भाव सांगितला की बाजारात तोच भाव होई. मुलांनी हे सगळं पाहिलं आणि ठरवलं, हा नुसता सांगत नाही, हा सांगतो म्हणून ते घडतं.

ही समजूत सगळ्यांत घट्ट बसली मीनाच्या मनात. मीना पुंडलिकरावांची धाकटी लेक, वय आठ. आई ती पाळण्यात असतानाच गेली होती. तिला न्हाऊमाखू घातलं, केस विंचरले, निजवलं ते थोरल्या बहिणीने, सुधाने. घर चालवलं आत्यांनी. आणि छप्पन सालच्या वैशाखात सुधा लग्न होऊन नागपूरला गेली.

पाठवणीच्या वेळी मी उघड्या खिडकीतून ऐकत होतो. सासरला गेलेल्या लेकीला सणाला आणायला माहेरचा जो माणूस जातो त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊच जातो. वऱ्हाडातल्या एका बाईने थट्टा केली, "पोरीले भाऊ तं नाही. दिवाळीले मुराळी कोन येईन बाप्पा?"

"मी येईन," मीना म्हणाली.

सगळे हसले. सुधा मात्र हसली नाही. ती खाली वाकून म्हणाली, "नक्की येशील? मी वाट पाहीन."

"येईन."

पुढे पाऊसकाळ संपला आणि माझ्या बातम्यांमध्ये राज्यांच्या फेररचनेचं बोलणं वाढलं. एक नोव्हेंबरपासून नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाणार होतं. पांढुर्णा, सौसर मध्य प्रदेशातच राहणार होते. संध्याकाळी बैठकीत माणसं जमत आणि तावातावाने बोलत. त्यात सावरगावचे नत्थूजी नेमाने येत. त्यांचा संत्र्यांचा बगीचा जाम नदीच्या पलीकडे होता आणि जीभ दोन्ही काठांवर चालायची.

"कागदावर रेघ ओढली, बस," पुंडलिकराव म्हणाले. "त्यानं का होते?"

"सत्तेचाळीसमधी बी कागदावरच रेघ ओढली होती ना," नत्थूजी म्हणाले. "तिकडचे मानसं तिकडंच राहिले."

ते बोलून त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय कापसावर गेला. खाटेखाली मीना बाहुलीला झोका देत होती. झोका थांबला. तो थांबलेला मी एकट्यानेच पाहिला, आणि मला कोणाला काही सांगता येत नव्हतं. दुसऱ्याचंच बोलणं बोलायचं, ही माझी जात.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना विचारलं, "बाबा, नागपूर आता आपलं नाही?"

"एक तारखेपासून नाही," पुंडलिकराव हिशेबातून मान वर न करता म्हणाले. उत्तर खरं होतं. पण विचारणारी कोण आणि कशासाठी विचारते, हे त्यांनी पाहिलं नाही.

आता आत्यांच्या एका नेमाबद्दल सांगितलं पाहिजे. चातुर्मासात त्या दिवेलागणीपासून जप संपेपर्यंत मौन धरत. तेवढा वेळ त्यांना कोणी हाक मारत नसे. दारात पाहुणा उभा असला तरी पुंडलिकरावच उठत. धरलेलं मौन दुसऱ्याने मोडू नये, हे त्या घरात मीनाला कोणी शिकवलं नव्हतं. ती ते पाहतच वाढली होती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मीना हात धुऊन आली. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. देवघरातला लाल नाडा आणून माझ्या डाव्या बटणाला घट्ट गुंडाळला, गाठ मारली आणि हात जोडले.

"आजपासून तुले मौन," ती म्हणाली. "सुधाताई घरी येईपर्यंत काही बोलायचं नाही. ती आली का मीच सोडवीन."

संध्याकाळी बैठक भरली. दुसऱ्या दिवसापासूनच्या फेररचनेची बातमी सगळ्यांना माझ्याच तोंडून ऐकायची होती. पुंडलिकरावांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

"हे कोनं केलं?"

"त्याचं मौन आहे," मीना दारातून म्हणाली.

नत्थूजी मोठ्याने हसले. "वा पुंडलिकराव! तुमच्या घरी रेडिओ बी व्रत करून राहिला! एकादशीले बॅटरी बी नाही घेत का?"

सगळे हसले. मीनाचा चेहरा उतरला, पण ती दारातून हलली नाही.

"सोड ते, मीना. लोक खोळंबले."

"नाही. त्यानं सांगितलं तं तसं होईन."

"काय होईन?"

"नागपूर वेगळं होईन. मंग ताई तिकडचीच राहीन. काका म्हनत होते ना, तिकडचे मानसं तिकडंच राहिले."

नत्थूजींचं हसणं गळ्यातच थांबलं. ते म्हणाले, "अवं पोरी, ते वेगळं होतं. ते... " पुंडलिकरावांनी समजावून पाहिलं. तीच गाडी, तेच तिकीट, तेच स्टेशन. मीना ऐकत होती, पण माझ्याकडे बघत होती. मोठी माणसं चुकतात हे तिला माहीत होतं. मी चुकलेला तिने पाहिला नव्हता.

शेवटी त्यांनी अडकित्ता उचलला आणि नाड्याला लावला. तेवढ्यात आतून वच्छला आत्या आल्या. त्यांचा जप व्हायचा होता, हातात माळ तशीच. एक शब्द न बोलता त्यांनी आपला तळवा माझ्या बटणावर ठेवला आणि धाकट्या भावाकडे पाहत राहिल्या.

पुंडलिकरावांनी अडकित्ता खाली ठेवला.

"चला," नत्थूजी हळूच म्हणाले, "कापसाच्या जिनवर रेडिओ हाय, तिथं जाऊन ऐकू. इथं दोघं मौनात हायत." या वेळी कोणी हसलं नाही.

ती बातमी माझ्या तोंडून निघाली नाही. ती खरी व्हायची ती झालीच. माझ्याशिवायही जग चालतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जप संपल्यावर आत्यांनी मीनाला जवळ घेतलं. तुझं चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ताईले तू काय कबूल केलं होतं?"

"मी घ्याले येईन म्हनून."

"मंग रेडिओले कायले मौन देतं? कबूल तं तू केलं होतं."

मीनाने विचारलं, "आन रस्त्यात अडवलं तं?"

"तं सांगजो, मी मुराळी आहो. मुराळ्याले कोनी अडवत नाही. अडवलंच तं बाबा आहे संगं, घरी परत या. पन न जाता कसं समजन?"

जिनवरून परतलेले पुंडलिकराव उंबऱ्यात उभं राहून ऐकत होते. ते आत आले आणि मीनासमोर खालीच बसले. "यापुढं बातम्या झाल्या का तुले काय समजलं ते मी विचारीन," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी पाळला. पुढे कित्येक वर्षं बातम्या संपल्या की ते मला बंद करत आणि मुलांकडे वळून विचारत, "हं, काय समजलं?" उत्तरं कधी इतकी वेगळी येत की मीच थक्क होई.

मित्रांनो, कपाटावरून मी आता टीव्ही बघणारी मुलं पाहतो. चित्र मोठं असतं, आवाज मोठा असतो, आणि घरातली माणसं आपापसांत बोलत असतात. खाटेखाली कोणाचा तरी झोका थांबतो. बोलणाऱ्या पेटीला मुलाचा चेहरा दिसला तरी तिला विचारता येत नाही. विचारायचं ते जवळच्या माणसाने. तुमच्यापेक्षा लहान कोणी शेजारी बसलं असेल, तर तुम्हीच विचारा. हसू मात्र नका.

आता त्या डागाकडे येतो. दिवाळीच्या पाडव्याची पहाट होती. अजून उजाडलं नव्हतं. आत्यांनी तुळशीला पाणी घातलं, ते झिरपत माझ्या तारेपर्यंत आलं. बोललो असतो तर आवाज स्वच्छ लागला असता. पण नाडा होता.

मीना नवं परकर-पोलकं घालून आली. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात अनारशांचा डबा. तिने आधी रांजणाजवळ जाऊन हात धुतले. मग माझ्यापाशी येऊन ओल्याच बोटांनी गाठ चाचपली. घट्ट होती. लाल रंग तिच्या बोटांना लागला, थोडा माझ्या बटणावर उतरला.

"येतेच ताईले घेऊन," ती माझ्या जाळीला तोंड लावून म्हणाली. "तोवर बोलू नको."

अंगणात पुंडलिकराव कंदील घेऊन उभे होते. ते पुढे होणार, तोच आत्यांनी त्यांना हाताने थांबवलं. मुराळी पुढे चालतो.

मीनाने पिशवी सावरली, आवाज न करता कडी काढली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.