वळणावर मागितलेली वाट

मागच्याने ‘वाट!’ अशी हाक दिली की पुढच्याने कुत्री थांबवून स्लेज, म्हणजे त्यांनी ओढायची बर्फगाडी, बाजूला घ्यायची, हा आमच्या गोठलेल्या युकॉन नदीवरच्या शर्यतीचा रिवाज. गेल्या वर्षी मी घसा फोडून ओरडले, पण पुढे असलेल्या रॉस्कोने वाट दिली नाही. स्लेज बाजूने काढायला गेले, तर माझी म्होरकी कुत्री मिट्सी भुसभुशीत बर्फात रुतली आणि तिचा पाय कायमचा गेला. हा मेला जिंकला आणि वर मला म्हणाला, "वारा होता ना मावशी, ऐकूच आलं नाही."

यंदा मी मिट्सीच्या लेकीला पुढे जुंपलं. रॉस्कोला कधीच मागे टाकता आलं असतं, पण दातओठ खात त्याच्या मागेच राहिले. शेवटच्या वळणावर त्याची मासेमारीची खोपटी आहे. सरावाला निघाला की तिथे थांबून तो कुत्र्यांना सुका सामन मासा घालतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

खोपटी आली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "वाट!"

पंच तिथेच शेकत उभा होता, त्यामुळे रॉस्कोला थांबावंच लागलं. त्याची कुत्री खोपटीकडे तोंड करून खुशाल बसली. त्याने ओढलं, शिव्या घातल्या, पण मासा मिळाल्याशिवाय एकही उठेना.

"मावशी, मुद्दाम इथेच वाट मागितलीस!" तो किंचाळला.

पंचाच्या शेकोटीचा धूर सरळ वर चढत होता. मी स्लेज त्याच्या बाजूने पुढे काढली आणि कानटोपी खाली ओढली.

"काय म्हणतोस, बाळा? वारा आहे ना, ऐकूच येत नाही!"