सत्यवती काकीचा धवला

नवीन पनवेलच्या एका सभागृहात ‘कर्तृत्ववती दालन’ उभं करायचं ठरलं आणि समितीवर एखादी बाई असावी म्हणून मला घेतलं. बायकांच्या दालनाच्या समितीवर मी एकटीच बाई, हे कोणालाच खटकलं नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. पहिल्याच बैठकीत अध्यक्ष विश्वजीतचं आणि माझं वाजलं. पनवेल-उरण पट्ट्यातल्या नाव काढलेल्या बायकांचे फोटो भिंतीवर, प्रत्येकीच्या फोटोखाली एक बटण, ते दाबलं की तिचा आवाज, अशी त्याची कल्पना. डॉक्टर होत्या, खाडी पोहून गेलेली मुलगी होती. मी नाव सुचवलं आमच्या ओवे गावच्या सत्यवती काकीचं.

“त्या काय करतात?” विश्वजीतने विचारलं.

“लग्नं लावतात.”

तो हसला. मग मला सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. आमच्या आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. ती धवले गाते. ती नुसती लग्नाची गाणी नव्हेत. देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना ती नाव घेऊन मांडवात बोलावते. ती बोलावत नाही तोवर आमच्या गावात लग्न पुढे सरकत नाही. काकी विधवा आहे, तरी नवरीला पहिली हळद तिच्याच हातची. एवढं एक कर्तृत्वसुद्धा दालनाला पुरेसं आहे, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

“आवाज आणा, मग बघू,” विश्वजीत म्हणाला. “लग्नाच्या जुन्या व्हिडिओत असेलच की.”

नव्हता. मी घरोघरचे व्हिडिओ मागून पाहिले. काकीचे ओठ हलतायत आणि वर सिनेमातलं गाणं चिकटवलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओव्याला गेले तर वेगळंच कळलं. काकीच्या घशात गाठ होती. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागणार होतं. म्हणजे महिन्याभरात हा आवाज कायमचा जाणार होता. मी घाईने फोन काढला.

“काकी, दोन मिनिटं गा. मी यात घेते.”

“लगीन कोनाचं हाय?”

“कोणाचंच नाही.”

“मंग बोलवू कोनाला? आन आले तं बसवू कुटं, तुज्या फोनात?”

मी चिडले. “अगं, आवाज जाणार आहे तुझा! मग काय करशील?”

“गप बसंन,” काकी म्हणाली.

वाट तिनेच काढली. दिपिका तिची एकुलती नात, वारलेल्या मुलाची मुलगी. तिचं लग्न ऑपरेशनच्या आधी उरकायचं ठरलं होतं. “तवा घे. त्या दिसाला आलेले जेवून माघारी जातील. मंग तुमी कितीबी वाजवा. पन माज्या मागं तू उबी रा.”

धवला एकटीने होत नाही. पुढची म्हणते, मागची तीच ओळ झेलते. काकीच्या मागे आयुष्यभर तिची जाऊ उभी राहिली, आणि ती गेल्या वर्षी वारली.

“मला येत नाही, काकी.”

“झेलायला काय येयाला लागतं? मी बोलंन तं बोल. फकस्त फुडं जाऊ नको. मागचीनं कोनाला बोलवायचं नसतं.”

लग्नाच्या दिवशी घरापुढच्या मांडवात मी फोन खांबाला बांधला. डीजे बंद करायला मला भांडण करावं लागलं, ते मी मनापासून केलं. काकी गायला लागली. आवाज खरखरीत झाला होता, पण त्यात जरब होती. गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं. “ये गो आये, मांडवाला ये.” मी झेलत गेले. मग घरातली माणसं आली: सासरा, सासू, नवरा, जाऊ. एकेकाला हाक गेली.

पुढचं नाव हरेशचं होतं. काकीचा मुलगा, दिपिकाचा बाप. तो हायवेला डंपरखाली गेला तेव्हा दिपिका बालवाडीत होती. तेव्हापासून काकीने ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, ‘पोरीचा बाप’ एवढंच म्हणायची. लोकांची तरणीताठी गेलेली मुलं तिने किती मांडवांत बोलावली असतील, कधी सूर हलला नाही.

काकी थांबली.

बायकांना वाटलं, घसा धरला. कोणीतरी पाणी आणलं, तिने हाताने दूर सारलं. हळदीने माखलेली दिपिका खाली मान घालून रडत होती. न बोलावलेला बाप लग्नाला येत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मला भयंकर राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. रीत गेली खड्ड्यात म्हणत मी पुढे झाले.

“ये रे हरेशा, मांडवाला ये.”

काकीने माझं मनगट घट्ट धरलं. नाव गाळून उरलेली ओळ तिने माझ्यामागून झेलली, “मांडवाला ये.”

ऑपरेशन झालं. आवाज गेला. ध्वनिमुद्रण ऐकून विश्वजीत म्हणाला, “छान आहे, पण मध्ये बराच वेळ काहीच नाही. तेवढं कापून टाकू.” मी म्हटलं, “कापा. मग काकीचा फोटोही भिंतीवरून उतरवा आणि माझा राजीनामाही घ्या.” समितीत मी जिंकलेली ही एकच गोष्ट.

उद्घाटनाला काकी आली. गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. दिपिकाने आजीचं बटण दाबलं. काकीने सगळ्या हाका शांतपणे ऐकल्या. मग ती मोकळी जागा आली. लोक चुळबुळायला लागले. “अडकलं वाटतं,” म्हणत विश्वजीतच्या बायकोने पुन्हा बटणाकडे हात नेला. काकीने तो हात हलकेच धरून ठेवला.

मी अगदी शेजारी उभी होते. त्या शांततेत काकीचे ओठ हलले. आवाज काहीच नव्हता, पण मला स्पष्ट दिसलं. ये रे हरेशा. मला रडू आवरेना.

मग भिंतीतून माझा आवाज आला, या वेळी तिच्या मागून.