माझ्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या बाईचा उजवा पाय तिचा स्वतःचा नसतो. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक बसवलेला असतो, आणि शिकणारा आता काय गोंधळ घालणार हे त्याच्या आधी आपल्या पायाला कळावं लागतं. इतकी वर्षं हा धंदा केल्यावर माझा पाय जेवणाच्या टेबलाखालीसुद्धा दाबला जायचा. नवरा म्हणायचा, "जेवताना तरी गाडी बंद कर." या माणसाचे डोळे अधू, त्याला परवानाच मिळत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात हा असा.

म्हणून डाव्या स्तनातली गाठ काढून झाली, औषधांचे डोस संपले आणि रेडिएशन ठरलं, तेव्हा रोज हॉस्पिटलात नेणार कोण हा प्रश्न आला. गिअर टाकताना माझ्या खांद्यातून कळ निघत होती, त्यामुळे मी स्वतः चालवण्याचा प्रश्नच नव्हता.

"टॅक्सी करू," मी म्हणाले.

"मी नेते," मोठी नणंद म्हणाली.

आमच्या ताई म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. पोरांना नापास करण्यात हयात गेली आणि गाडीच्या परीक्षेत स्वतः तीनदा नापास. शिकवलं मीच होतं. तिसऱ्या वेळी त्या परीक्षकासकट फुटपाथवर चढल्या, तेव्हा मी हात टेकले. त्यांच्या शिकाऊ परवान्याची मुदत अजून होती, पण शेजारी पक्क्या परवान्याचं माणूस बसलेलं लागतं. ते माणूस मी. म्हणजे मला नेणार ताई आणि ताईंना सांभाळणार मी. आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमली.

"ताई, आजाराने मरायचं का अपघाताने, हे निदान मला ठरवू द्या."

"ठरवलंय मी. कशानेच नाही," त्या म्हणाल्या आणि खुंटीवरची माझ्या शिकवायच्या गाडीची किल्ली घेतली.

शेजारच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, नेमका नको तिथून. ताईंनी आपल्या जुन्या साडीचा मऊ तुकडा फाडून आणला होता. रोज सकाळी त्या तो घडी करून पट्ट्याखाली सरकवायच्या, मग आरसा बघायच्या, मग पुन्हा आरसा बघायच्या. तोवर मागून कुणीतरी हॉर्न वाजवायचंच.

हॉस्पिटलात ते मशीन तळघरात होतं. पुढून उघडणारा निळा अंगरखा घालायचा, थंड टेबलावर आडवं व्हायचं, हात डोक्याच्या वर घ्यायचे. मशीनवरची मुलगी अंगावरच्या खुणांशी उजेडाच्या रेघा जुळवायची. मला नखभर इकडे, केसभर तिकडे सरकवायची आणि वर म्हणायची, "काकू, तुम्ही काही करू नका, मी करते." मग ती बाहेर जायची आणि जाडजूड दार लागायचं. भोंग्यातून तिचा आवाज यायचा, "श्वास घ्या. धरा." हृदयावर किरण जाऊ नयेत म्हणून छाती फुगवून धरायची. दुखत काहीच नाही. मशीनचं मोठं डोकं गुणगुणत अंगावरून फिरतं, एवढंच.

सुरुवातीला ते डोकं जवळ यायला लागलं की माझा उजवा पाय टेबलावर दाबला जायचा. भोंगा बोलायचा, "काकू, पाय हलवू नका हं." एकदा मी तिला कारण सांगितलं, तेव्हा ती खूप हसली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, मी म्हटलं.

पण पीळ गेला. कधी गेला ते कळलं नाही. शस्त्रक्रियेनंतर डाव्या दंडाची आतली बाजू बधिर झाली होती. शिरेला धक्का लागला की असं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिथे चिमटा काढला तरी दुसऱ्याच्या दंडाला काढल्यासारखा वाटायचा. पुढे पुढे मला सगळंच तसं वाटायला लागलं. छातीची कातडी आधी लाल झाली, मग काळवंडली, खाजायला लागली, सोलवटली, आणि मी मलम लावत राहिले. नवरा बिचारा विनोद करायचा. मी योग्य जागी हसायचे. शेजारपाजारचे म्हणायचे, किती धीराची बाई आहे, डोळ्यांतून टिपूस नाही. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. रडू यायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

अशाच एका सकाळी आम्ही फर्निचरच्या दुकानांच्या रस्त्याने निघालो होतो. कडेला टेम्पो उभा होता. त्याच्या पलीकडून डोक्यावर गादी घेतलेला एक माणूस निघाला. गादी दोन्ही बाजूंनी खाली झुकलेली, त्याला ना डावीकडचं दिसत होतं ना उजवीकडचं. ताई आरशात बघत होत्या. मला तो त्यांच्या आधी दिसला. हा आता आडवा येणार, हे मला स्वच्छ कळलं. ब्रेक पायापाशी होता.

पाय उचलला गेला नाही. उचलावासा वाटलाच नाही. होईल ते होवो असंसुद्धा वाटलं नाही. मी नुसती बघत बसले होते.

ताईंनी समोर पाहिलं, किंचाळल्या आणि ब्रेकवर जवळजवळ उभ्याच राहिल्या. गाडी आचका देऊन बंद पडली. गादीवाला हातभर अंतरावर थांबला, वाकून गादीखालून आमच्याकडे पाहिलं, "नवीन दिसताय बाई!" म्हणाला आणि पलीकडे गेला.

"तू दाबलास?" ताईंनी धापा टाकत विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"नाही दाबला, ताई."

त्यांनी वाकून माझ्या पायाकडे पाहिलं. तो चटईवर सपाट पडला होता. ताईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला असताना त्या चक्क रडायला लागल्या. "मी थांबवली गं! माझी मी थांबवली! तीन परीक्षकांनी भरवसा ठेवला नाही माझ्यावर. तू ठेवलास."

"गाडी चालू करा, ताई," मी म्हणाले.

त्या दिवशी तळघरात श्वास धरून पडले असताना मी त्या माणसाचा विचार केला. तो मेला असता. ताईंच्या हातून मेला असता, आणि त्यांनी ते उरलेला जन्म उराशी धरलं असतं. हे सगळं मी दुकानावरच्या पाट्या वाचाव्यात तसं मनात वाचलं. दार उघडून मुलगी आत आली आणि म्हणाली, "काकू, हल्ली पाय अजिबात हलत नाही तुमचा. एकदम शहाण्या झालात." एकाच गोष्टीसाठी सकाळपासून ही दुसरी शाबासकी.

गाडीपाशी आले तर ताई फोनवर भावाला गादीवाल्याची गोष्ट सांगत होत्या. मी बसल्यावर त्यांनी पट्ट्याखाली घडी सरकवली आणि म्हणाल्या, "आता परत परीक्षेला बसते. तू शेजारी असलीस की मला भीतीच वाटत नाही बघ."

तेव्हा मला सांगावंच लागलं. धाडस वगैरे काही नव्हतं. साधा हिशेब होता. आपल्या बाजूला आणखी एक ब्रेक आहे असं धरून ही बाई भर रस्त्यातून गाडी नेत होती, आणि तो ब्रेक नव्हताच.

"ताई, तो माणूस मला आधी दिसला होता. भरवसा वगैरे काही नाही. मला दाबावासा वाटला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही वाटलंच नाही. हल्ली कशाचंच वाटत नाही. तो मेला असता, आपण मेलो असतो, तरी मी अशीच बसून राहिले असते."

ताईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. घातला. परत काढून पुसला. त्यांचा चेहरा उतरला तो मला दिसला. सकाळचा सगळा आनंद मी एका वाक्यात घालवला होता.

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"त्याला सांगितलंस? नवऱ्याला?"

"नाही."

"डॉक्टरीणबाईंना?"

"त्या कातडीबद्दल विचारतात. कातडीचं सांगते."

"उद्या हे सांगायचं. मी शेजारी बसणार आहे. तू नाही बोललीस तर मी बोलेन." मग त्यांनी किल्ली फिरवली. "बरं. मग तुला दाबावासा वाटेपर्यंत मी दाबते."

आणि त्यांनी दाबला. हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडताना दाबला. कबुतर दिसलं, दाबला. बंद दुकानासमोर दाबला, न जाणो आतून कुणी बाहेर आलं तर! पुढे सिग्नल हिरवा होता, तरी दाबला. पहिल्या गिअरमध्ये गाडी रडत होती. प्रत्येक आचक्याला पट्टा छातीवर घासत होता आणि घडी केव्हाच खाली सरकली होती. मागे हॉर्न, शिव्या. फर्निचरच्या दुकानांपाशी सकाळचाच गादीवाला, आता मोकळ्या डोक्याने, चालत चालत आम्हाला मागे टाकून पुढे गेला आणि जाताना खिडकीतून डोकावून हसला.

ताईंनी पुन्हा दाबला. समोर काहीही नव्हतं. रिकामा रस्ता होता, चांगला दूरपर्यंत. पट्टा सोललेल्या जागेवर करकचून बसला आणि मला झोंबलं. कितीतरी दिवसांनी ते मलाच झोंबलं, दुसऱ्या कुणाला नाही. कानशिलं तापली.

"अहो ताई, सोडा की तो ब्रेक!" मी ओरडले. "जीव घेता का माझा?"

आवाज गाडीत मावेना. ताईंची नजर रस्त्यावरच होती, पाय ब्रेकवरच होता.

"परत ओरड," त्या म्हणाल्या.

मी परत ओरडले.