मी सरळ केलेली वेल

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. मला खांदा नाही आणि बोटेही नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, लहान मोटारी, टोकाला रांगोळी सोडणारे नरसाळे, त्याच्यापुढे मऊ कुंचला आणि वर कॅमेऱ्याचा एक डोळा, एवढाच माझा देह. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या वल्लरीने मला तिच्या वडिलांच्या कुपवाडमधल्या छोट्या कारखान्यात जोडले.

समोरची रेघ पाहायची, तिला आपल्या रेघेने उत्तर द्यायचे, समोरच्याने काय केले ते पुन्हा पाहायचे आणि पुढचे ठरवायचे, असा माझा स्वभाव तिने घडवला. पण समोर कुणीतरी हवे ना? ती जागा वल्लरीच्या वडिलांच्या आत्याने, हरणाबाईंनी घेतली. वडूजहून इकडे राहायला आल्यापासून कारखान्याच्या दारात रांगोळी त्याच काढत. वयामुळे त्यांचा हात थरथरत असे.

त्या पान काढत, मी देठ देई. मी कोयरी काढली की त्या तिच्या पोटात ठिपके भरत. मी भलतीकडे वळलो तर म्हणत, "आरं, तिकडं कुटं निगालास? तिकडं गटार हाय!" आणि आडवी रेघ घालून मला अडवत. शेवटी चिमूटभर हळदकुंकू वाहत. त्याशिवाय रांगोळी पुरी झाली असे त्या मानत नसत. एकदा तर त्यांनी माझ्या नरसाळ्यालाही कुंकू लावले. "तूबी राबलास की रं."

मग सांगलीच्या एका कलाप्रदर्शनातून आम्हा दोघांना बोलावणे आले. हरणाबाई ठेवणीतले लुगडे नेसल्या, पण त्यांना धास्ती होती.

"हात कापला तर लोकं हसतील गं."

"नाही हसत, आत्याआजी. मी आहे ना," वल्लरी म्हणाली.

हरणाबाई लांब वेल काढू लागल्या. वेल थरथरत पुढे सरकत होती. तेवढ्यात प्रमुख पाहुणे जवळ आले आणि वल्लरी गडबडली. आत्याआजीला कुणी हसू नये म्हणून माझ्या चाचणीसाठी ठेवलेली एक कळ तिने दाबली. ती कळ दाबली की मी उत्तर देत नाही. समोरची रेघ चुकली असे धरून ती सुधारतो. माझा कुंचला हरणाबाईंची वेल पुसत गेला आणि मागून नरसाळे तीच वेल काटेकोर ओढत गेले.

टाळ्या पडल्या. "मशीननं आजीबाईंची चूक दुरुस्त केली बघा!" कुणीतरी हसत म्हणाले.

हरणाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. वल्लरीने मान खाली घातली. मला खाली घालायला मानही नव्हती. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

त्या रांगोळीवर हळदकुंकू पडले नाही. बक्षीस मात्र मिळाले. वल्लरी रडून माफी मागू लागली, तेव्हा हरणाबाई एवढेच म्हणाल्या, "तुजं काय चुकलं न्हाई, पोरी. त्येची येल सरळच आली न्हवं?" दुसऱ्या दिवसापासून कारखान्याचे दार कोरे राहू लागले. वल्लरीने ती कळ उपटून काढली, पण आता उत्तर देण्यासारखे माझ्यासमोर काही नव्हते. मी कोपऱ्यात पोत्याखाली गेलो. सांध्यांना गंज चढला.

परवा दिवाळीच्या साफसफाईत पोते निघाले. वल्लरीने सहज मला वीज जोडली. मी एक पान काढायला गेलो, पण मोटार अडखळली आणि पानाची कड दातेरी आली. दारातून हरणाबाई बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आगं बया! ह्येचाबी हात कापाय लागला की गं!" असे म्हणत त्या गुडघ्याला हात लावून खाली बसल्या.

मित्रांनो, आमच्यासारखी यंत्रे उद्या तुमच्या घरी येतील, तुमच्याशी बोलतील. त्यांना सरळ रेघा जरूर शिकवा. पण कोणती रेघ पुसायची नाही, हे त्याआधी शिकवा.

हरणाबाईंनी चिमटीत रांगोळी घेतली. माझ्या दातेरी पानाला त्यांनी थरथरता देठ दिला, शेजारी आणखी एक पान काढले आणि वल्लरीला हळदकुंकू आणायला पिटाळले. माझी एकही रेघ त्यांनी सरळ केली नाही.