तज्ज्ञांच्या मते

"लेखी द्या," मी फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

"लेखी काय द्यायचं, बाई? उद्यापासून कापणी आहे. ती थांबवा, एवढंच."

"एवढंच! मी कोण थांबवणार? मी इथे कागद सरकवते."

समोर कात्रीवाले काका उभे होते. उद्यान खात्यात माझ्याही आधीपासूनचा माणूस. मोठ्या बागेभोवतीचं झुडपांचं लांबलचक कुंपण ते तेहतीस वर्षं हातातल्या कात्रीनं सरळ करत आले होते, आणि एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. अशा माणसानं शेवटचे दिवस सावलीत बसून काढावेत. यांना मात्र नेमकी जेवणाच्या सुट्टीआधी कटकट सुचली. माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं, पंखा गरम हवा ढवळत होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

"कुंपणात सतरा घरटी आहेत," ते म्हणाले. "बुलबुलांची. अंड्यांसकट. सकाळी वाकून वाकून मोजली."

"मार्चमध्ये?"

"तेच तर सांगतोय. पूर्वी एप्रिल उजाडल्याशिवाय पहिलं अंडं दिसायचं नाही. आता ऊन लवकर तापतं, पालवी लवकर फुटते, तिच्यावरच्या अळ्याही लवकर येतात. पिल्लांना अळ्याच लागतात ना! अळ्या संपल्यावर पिल्लं काढून काय उपयोग? म्हणून पाखरंही अलीकडे सरकली. दरवर्षी थोडी थोडी. आता तीन आठवडे झाले की हो. सगळीच नाही सरकली. काही अजून जुन्या वेळेलाच बसतात, त्यांची पिल्लं उपाशी मरतात. आणि जी शहाणी झाली, ती आपल्या कात्रीखाली आली."

आमच्या खात्याचा आदेश असा होता: कुंपणाची कापणी वीस ते एकतीस मार्चमध्ये उरकावी, एक एप्रिलपासून जुलैअखेर पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्यानं कापणीला सक्त मनाई. या आदेशाचा आम्हाला केवढा अभिमान! कुणी पाहुणे आले की साहेब तो वाचून दाखवत, आणि पाहुणे "वा वा" म्हणत.

काकांचा अर्ज शेवटी मीच लिहिला. त्यांनी खाली सही केली आणि मी तो साहेबांपुढे ठेवला. साहेब काही वाईट माणूस नव्हते. चार जणांचं काम एकट्याच्या गळ्यात पडलेला, सतत कपाळ चोळणारा माणूस. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"बाई, ही तारीख कुणी मनानं ठरवलेली नाही. तज्ज्ञांच्या शिफारशीवरून ठरली आहे. बदलायची तर तज्ज्ञांचं मत हवं. उद्या वरून विचारतील, कशाच्या आधारावर बदललीत? मी काय सांगू, कात्रीवाल्यांनी सांगितलं म्हणून?"

म्हणजे आता तो तज्ज्ञ शोधणं आलं. दुपारभर मी जुन्या फाइलींच्या खोलीत शिंकत होते. काका कपाटाशी उभे राहून गठ्ठे उतरवून देत होते. चारच्या सुमाराला ती फाइल सापडली. आत एकच कागद कामाचा होता. मी मोठ्यानं वाचला, "तज्ज्ञांच्या मते पक्ष्यांची वीण एक एप्रिलपूर्वी सुरू होत नाही." नाव नाही, पत्ता नाही, काही नाही.

"झालं," मी म्हणाले. "आता याला कुठे शोधायचं?"

काकांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"हे मी बोललो होतो."

"काय?"

"तेव्हाचे मोठे साहेब बागेत फेरी मारायला यायचे. मी नवीन होतो. लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्यांनी विचारलं, काय रे, ही पाखरं अंडी कधी घालतात? म्हटलं, साहेब, एक एप्रिलच्या आधी नाही. शाबास म्हणाले."

"आणि?"

"आणि काय? गेले."

मला हसू आवरेना. तेही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसता पुसता त्यांचा चेहराच उतरला.

"म्हणजे मीच मारतोय की त्यांना, बाई. गेल्या चार वर्षांत दोनदा कात्रीत अंडी आली. मला वाटायचं, कुठल्या मूर्खानं ही तारीख ठरवली?"

मी फाइल झटकत राहिले.

साहेबांच्या खोलीत काकांनी सरळ सांगून टाकलं, "साहेब, तो तज्ज्ञ मीच."

साहेबांनी फाइल उलटसुलट पाहिली. "नाव कुठे आहे तुमचं?"

"नाही ना."

"मग मी कशावरून मानायचं? अहो, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण कागदाला कसं सांगू?" ते कपाळ चोळत राहिले. "असं करा. तुम्ही कापूच नका. तुम्हाला रोपवाटिकेत पाठवतो. मशीनवाले दोन दिवसांत सगळं उरकतील. जाता जाता तुमच्या जिवाला घोर कशाला?"

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि मलाही ते पटलं. म्हटलं, चला, सुटला एकदाचा हा माणूस. पण काका जागचे हलले नाहीत.

"नको, साहेब," ते म्हणाले. "मशीनला दिसत नाही. मीच कापतो."

मग बारा दिवस ते एकटे कापत होते. एरवी मी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकून पडते, पण त्या दिवसांत पाय आपोआप बागेकडे वळायचे. काका एक फांदी कापायचे, वाकून आत बघायचे, मग दुसरी कापायचे. जिथे घरटं असेल तिथे हातभर झुडूप तसंच ठेवायचे. सरळ कापलेल्या कुंपणावर ते उंचवटे उशा वाळत टाकल्यासारखे दिसत होते. येणारेजाणारे हसत. एकानं तर विचारलं, "काका, नंबरचा चष्मा घरी राहिला का?" काकांनी मान हलवली आणि पुढची फांदी धरली.

पाचव्या दिवशी मी गेले, तर ते कुंपणाशी नुसतेच बसले होते. कात्री मांडीवर होती.

"काय झालं?"

"कावळे," ते म्हणाले. "रात्रीत नाही, दिवसाढवळ्या. आजूबाजूचा पाला गेला ना, की त्यांना नेमकं कळतं कुठे बघायचं ते. मी खूण करून ठेवल्यासारखं झालं. चार घरटी गेली."

"पण तुम्ही प्रयत्न तर केलात."

"प्रयत्नानं अंडी परत येतात का, बाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतका थकलेला आवाज मी आमच्या कचेरीतही कधी ऐकला नव्हता. आणि मला सगळ्यांचा राग आला. साहेबांचा, त्या जुन्या मोठ्या साहेबांचा, आणि "लेखी द्या" म्हणणाऱ्या माझाही.

एकतीस मार्चला कुंपण कापून झालं. सतरातली पाच घरटी उरली होती. त्यांत पिल्लं होती, अजून डोळेही धड न उघडलेली.

दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला आले. मी वही घेऊन मागे होते. उंचवटे पाहून त्यांचं कपाळ चोळणं थांबलं.

"हे काय? आता रिकामेच ना हे सगळे?"

"बारा रिकामे," काका म्हणाले. "पाचांत पिल्लं आहेत. उडायला नऊ-दहा दिवस लागतील."

"अहो, पुढच्या आठवड्यात वरचे लोक बघायला येणार. हे असं दाखवू? आजच्या आज सरळ करून टाका."

"नाही करता येणार, साहेब."

"का?"

"आज एक एप्रिल आहे."

"माझी चेष्टा करताय?"

"नाही, साहेब. आजपासून सक्त मनाई आहे." काका अगदी अदबीनं म्हणाले, "तज्ज्ञांचं तसं मत आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी झुडपाकडे पाहत होते. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे. जुलैनंतर बघू," आणि पाहणी संपली. माझ्या वहीत मी लिहिलं: कुंपण आदेशानुसार.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी काका निवृत्तीच्या कागदांवर सह्या करायला आले. चार ठिकाणी सह्या झाल्या. मी विचारलं, "किती उडाली?"

"तीन घरट्यांतली."

"सतरातली तीन."

"हो. तीन."

मी खणातून एक टिपण काढलं. गेले पंधरा दिवस ते मी फावल्या वेळात लिहीत होते. कापणीची तारीख बदलण्याचा प्रस्ताव, अगदी रीतसर. फक्त नव्या तारखेची जागा कोरी होती.

"ही तेवढी सांगा, काका. पंधरा फेब्रुवारी लिहू? तुमचं नावही घालते या वेळी, पूर्ण, आडनावासकट. म्हणजे कुणी पुरावा मागायला नको."

त्यांनी टिपण वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"माझ्याकडून तारीख घेऊ नका, बाई. एकदा दिली होती. खोटी नव्हती हो, तेव्हा अगदी खरी होती. पण नंतर तीस वर्षांत कुणी परत विचारायलाच आलं नाही. मी तर रोज तिथेच होतो."

बाहेर कुणीतरी शिक्का कुठे आहे म्हणून ओरडत होतं. मी टिपण बाजूला ठेवलं, एक कोरा कागद पुढे घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"मग आता मी विचारते," मी म्हणाले. "यंदा पहिलं अंडं कधी दिसलं?"

मी थट्टा करते आहे का ते त्यांनी आधी नीट बघून घेतलं. मग खुर्ची ओढली आणि बसले.

"बारा मार्च," ते म्हणाले. "टाकीकडच्या कोपऱ्यात. गेल्या वर्षी तेरा. त्याच्या आदल्या वर्षी... थांबा हं, त्या वर्षी मध्येच गारठा पडला होता. सोळा."

जेवणाची सुट्टी झाली. बाकीचे डबे घेऊन उठले. "सावकाश सांगा," मी म्हणाले, आणि लिहीत राहिले. ते एकेक वर्ष मागे जात होते. पहिल्या अंड्याची तारीख एप्रिलपर्यंत यायला कागदाची मागची बाजूही लागली.