मंद उजेडातली फुली

वनखात्यात भुलीची सुई मारायची रायफल चालवणारा तो एकटाच. वय छप्पन्न, सगळे त्याला नेमबाजकाका म्हणत. घरीही एकटाच. नातवाला सांभाळायला चार महिन्यांसाठी मुलीकडे गेलेली बायको चार वर्षं झाली तरी तिकडेच होती.

गळ्यात तारेचा फास रुतलेलं एक हरीण तीन आठवडे त्याला हुलकावण्या देत होतं. पाण्यावर यायचं ते दिवस कलल्यावर. तेव्हा रायफलीवरच्या जुन्या दुर्बिणीतल्या नेमाच्या काळ्या रेघा हरणाच्या काळपट अंगात विरून जायच्या. दोनदा त्याने चापावरून बोट मागे घेतलं. सुई मांडीऐवजी पोटात शिरली, तर वाचवता वाचवता जीव जायचा.

शेवटी त्याने शहरातलं बंदुकांचं दुकान गाठलं. म्हाताऱ्या दुकानदाराने त्याच्या हातात एक दुर्बीण दिली. "समोरच्या भिंतीकडे बघा. लाल ठिपका गोल दिसतो?"

"नाही. शेपूट फुटलंय त्याला. माल खराब आहे का?"

"माल चोख आहे. तुमच्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर असणार, त्याने ठिपका फाटलेला दिसतो." दुकानदाराने दुसरी पुढे केली. "हिच्या काचेवरच फुली कोरलीय. उजळतो फक्त मधला भाग. बॅटरीने दगा दिला तरी फुली जागेवर. उजेड मात्र कमीत कमी ठेवा, नाहीतर सावज दिसायचं नाही."

"सावज नाही हो, पेशंट."

दुकानदार खो खो हसला. कित्येक दिवसांत नेमबाजकाकाच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. नको असलेले पट्टे चाचपत तो आणखी पाव तास तिथेच रेंगाळला.

चार दिवस त्याने तीस पावलांवरून गवताच्या पोत्यावर नेम बसवला. पाचव्या दिवशी तो आणि वनखात्याच्या जनावरांच्या डॉक्टरबाई झुडपाआड दबा धरून बसले. हरीण आलं. त्याने दुर्बिणीवरचा उजेडाचा खटका फिरवला, तर फुली निखाऱ्यासारखी पेटली आणि हरीणच दिसेनासं झालं. म्हाताऱ्याने बजावलं होतं तेच! घाईघाईने त्याने उजेड शेवटच्या खाचेपर्यंत उतरवला. अंधुक लाल फुलीमागे मांडी दिसली. श्वास रोखून त्याने चाप ओढला.

दहा मिनिटांत हरीण आडवं झालं. बाईंनी तार कापली, जखम धुतली. तेवढा वेळ ते गरम, जड डोकं त्याच्या मांडीवर होतं. भूल उतरवणारं इंजेक्शन दिल्यावर हरीण उठलं आणि झोकांड्या खात झाडीत शिरलं.

"काका, मानलं तुम्हाला!" म्हणत बाई जीपकडे धावल्या. घरचे त्यांची वाट बघत होते.

घरी येताच बूटही न काढता त्याने बायकोला फोन लावला. "अगं, हरीण वाचलं!"

"कुठलं हरीण?"

तीन आठवड्यांत आपण तिला काहीच बोललो नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. "थांब, सुरुवातीपासून सांगतो."

"अहो, उद्या सांगा ना. हा झोपेला आलाय, नुसता किरकिर करतोय. जेवलात का?"

"जेवतो."

त्याने कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहून, हळू आवाजात, त्याने ती सगळी हकिकत एकट्यानेच सांगून टाकली.